मागचं चाक फिरतं, गाडी जात नाही: कोकणात ट्रॅक्शन कंट्रोल वापरायचं कसं

नवी बाइक ताब्यात देताना शोरूमवाला मीटरवरची चिन्हं भराभर सांगून मोकळा होतो. त्यात एक ‘टीसी’ किंवा ‘टीसीएस’चा, म्हणजे ट्रॅक्शन कंट्रोलचा, पिवळा दिवा असतो आणि त्याच्याबद्दल बहुतेक वेळा एकच गोष्ट कानावर पडते: यामुळे गाडी घसरत नाही. ही माहिती अर्धवट आहे. अर्धवट माहितीच्या जोरावर पावसाळ्यात कुंभार्ली किंवा आंबोली घाट चढायला जाणं मला मान्य नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

ट्रॅक्शन कंट्रोल ग्रिप वाढवत नाही. ते फक्त इंजिनाचा जोर कमी करतं, आणि तेही मागचं चाक पुढच्या चाकापेक्षा जास्त वेगाने फिरायला लागलं तरच. एवढं पक्कं लक्षात ठेवलं की त्याच्यावर कुठे विसंबायचं, कुठे नाही आणि कुठे ते सरळ बंद करायचं, हे रस्त्यावर तुमचं तुम्हालाच कळत जाईल.

पायरी १: टायर आणि रस्ता यांचा हिशोब

टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढ्या जागेत. मागच्या टायरच्या तेवढ्याशा जागेकडून आपण सगळी कामं करून घेतो: गाडी पुढे ढकलायची, ब्रेक लागला की अडवायची, वळणावर बाजूला सरकू द्यायची नाही. या सगळ्यांसाठी मिळणारी ग्रिप एकच असते, ती वाटून घ्यावी लागते. वळणात गाडी झुकलेली असताना बरीचशी ग्रिप वळण्यातच खर्च होते, पुढे ढकलायला थोडीच उरते. कोरड्या डांबरावर मुळात एकूण ग्रिप भरपूर, त्यामुळे हे जाणवत नाही. ओल्या रस्त्यावर ती बरीच उतरते, आणि जांभ्याच्या लाल चिखलावर किंवा शेवाळावर तर हातात काही उरतच नाही.

गाडी जोरात पळवताना मागचं चाक नेहमीच किंचित घसरत असतं. समजा, पुढचं चाक ताशी ३० किलोमीटरच्या वेगाने फिरतंय आणि मागचं ३३ ने. म्हणजे घसरण दहा टक्के. एवढी घसरण वाईट नसते, कारण चांगल्या डांबरावर टायर दहा ते वीस टक्क्यांच्या आसपासच सगळ्यात जास्त जोर देतो. पण मागचं चाक ४५ ला पोचलं, म्हणजे घसरण पन्नास टक्के झाली, की पुढे ढकलण्याचा जोर तर कमी होतोच, शिवाय बाजूला धरून ठेवण्याची ताकदही जाते. मागचा भाग बाहेर सरकायला लागतो.

यातून पडण्याचे दोन प्रकार होतात. पहिल्यात मागचं चाक सरकत जातं आणि गाडी ज्या बाजूला झुकली असेल त्याच बाजूला आडवी होते. दुसरा जास्त घातक. चाक सरकतंय हे कळताच घाबरलेला चालक थ्रॉटल (वेग वाढवायला पिळतो ती उजवी मूठ) एकदम बंद करतो, टायर झटक्यात रस्ता पकडतो, गाडी उसळून सरळ होते आणि चालक उलट्या बाजूला फेकला जातो. ट्रॅक्शन कंट्रोलचा खरा उपयोग इथे आहे. घसरण एवढी वाढूच नये आणि जोर कमी होताना झटका बसू नये, हे ते बघतं.

पायरी २: खाली बसा आणि चाकाजवळ बघा

गाडी साइड स्टँडवर लावा आणि पुढच्या चाकाशेजारी उकिडवे बसा. ब्रेकच्या डिस्कजवळ, हबला लागून, तिच्यापेक्षा लहान अशी एक पातळ धातूची कडी दिसेल. तिच्यात चौकोनी खाचा एका ओळीत कापलेल्या असतात. त्या खाचांसमोर, पोस्टकार्डाच्या जाडीपेक्षा थोड्याच जास्त अंतरावर, काळ्या प्लास्टिकचं बोटाच्या पेराएवढं एक तोंड असतं आणि त्यातून एक वायर वर गेलेली असते. हा वेग मोजणारा सेन्सर. तसाच मागच्या चाकालाही असतो.

चाक फिरलं की प्रत्येक खाच सेन्सरसमोरून जाताना विजेच्या स्पंदनाची एक खूण उमटते. कडीला चाळीस-पन्नास खाचा धरा आणि चाकाचा घेर साधारण दोन मीटर. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला दहा मीटर, म्हणजे चाकाचे पाच फेरे, म्हणजे सेकंदाला दोनशेच्या वर खुणा. दोन्ही चाकांच्या या खुणा इंजिनाच्या कंट्रोल युनिटकडे जातात आणि ते सतत त्यांची तुलना करत बसतं.

हे सेन्सर मुळात एबीएससाठी, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेसाठी, बसवलेले. आपल्याकडे १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं, त्यामुळे वेग मोजायची सोय बऱ्याच गाड्यांत आलीच होती. ट्रॅक्शन कंट्रोलची मात्र सक्ती नाही. कल्पना नवी नाही. होंडाने १९९२ मध्ये एसटी ११०० या मोठ्या टूरिंग बाइकवर ते दिलं होतं. आता होंडा सीबी ३५०, यामाहा आर १५ ची चौथी आवृत्ती, ट्रायम्फ स्पीड ४०० अशा आपल्या रस्त्यांवर रोज दिसणाऱ्या गाड्यांतही ते आहे.

पायरी ३: जोर कमी होतो म्हणजे नेमकं काय होतं

मागच्या चाकाचा वेग ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की कंट्रोल युनिटच्या हातात तीन उपाय असतात. स्पार्क थोडा उशिरा द्यायचा, म्हणजे स्फोटाचा जोर कमी होतो. पेट्रोलचा फवारा कमी करायचा किंवा काही फेऱ्यांपुरता थांबवायचा. आणि गाडीचं थ्रॉटल केबलऐवजी इलेक्ट्रॉनिक असेल, तर तुमच्या मुठीने कितीही पीळ दिला तरी आतली झडप थोडी मिटवायची.

केबलच्या गाड्यांत पहिले दोनच उपाय असतात, म्हणून तिथे इंजिन अडखळल्यासारखं वाटतं. आवाज तुटक येतो. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या गाडीत तेच काम इतकं मऊ होतं की दिवा लुकलुकला नाही तर कळणारही नाही. पहिल्यांदा तो तुटक आवाज ऐकून बरेच जण गाडी गॅरेजला नेतात. ओल्या चढावर तसं झालं आणि सपाट कोरड्या रस्त्यावर नाही, तर गाडी ठीक आहे.

हे सगळं पापणी लवायच्या आत घडतं. माणसाला चाक सरकल्याचं कळून हात हलेपर्यंत अर्धा-पाऊण सेकंद सहज जातो, आणि तेवढ्यात होण्याचं ते होऊन गेलेलं असतं.

पायरी ४: तुमच्या गाडीला झुकाव कळतो का?

ही गोष्ट गाडी घेतानाच विचारून घ्या. साध्या यंत्रणेला फक्त दोन चाकांचे वेग कळतात. गाडी सरळ उभी आहे की वळणात झुकलेली आहे, याचा तिला पत्ता नसतो. आता टायरचा आकार बघा: मधोमध उंच, कडेला उतरता. गाडी झुकली की टायर कडेवर चालतो आणि तिथला घेर मधल्यापेक्षा लहान. पुढचा टायर आणि मागचा टायर वेगवेगळ्या रुंदीचे, त्यामुळे काहीही घसरत नसताना नुसत्या झुकण्यानेही दोघांच्या वेगात फरक पडतो. साधी यंत्रणा या फरकाने फसू नये म्हणून तिला थोडी ढील देऊन ठेवलेली असते. म्हणजे नेमकं वळणात, जिथे मदतीची सगळ्यात जास्त गरज, तिथे ती थोडी उशिरा जागी होते.

महागड्या यंत्रणेत याशिवाय एक झुकाव मोजणारा सेन्सर असतो. तीन दिशांचा वेगबदल आणि तीन अक्षांभोवतीचं वळणं तो मोजतो, म्हणून त्याला सहा अक्षांचा म्हणतात. गाडी जेवढी जास्त झुकलेली, तेवढी कमी घसरण तो चालवून घेतो. २०२० मध्ये आलेल्या केटीएम ३९० ॲडव्हेंचरमध्ये असं झुकाव ओळखणारं ट्रॅक्शन कंट्रोल होतं. आपल्याकडच्या तीन-चारशे सीसीच्या बऱ्याच गाड्यांत मात्र साधंच असतं. साधं आहे म्हणून ते वाईट ठरत नाही. फक्त वळण पूर्ण व्हायच्या आत मूठ पिळायची नाही, हे काम तुमच्याकडेच राहतं.

पायरी ५: दिव्याची भाषा

किल्ली फिरवली की दिवा लागतो. गाडी निघून थोडा वेग घेतला की दोन्ही सेन्सर ठीक आहेत हे तपासून तो विझतो. चालताना लुकलुकला तर यंत्रणा त्या क्षणी काम करतेय. सतत पेटून राहिला तर एकतर तुम्ही ती बंद केली आहे किंवा बिघाड आहे. सोबत एबीएसचाही दिवा पेटलेला असेल तर बहुधा चाकाच्या सेन्सरचं दुखणं.

मेन स्टँडवर गाडी चढवून गिअरमध्ये मागचं चाक फिरवलं, की पुढचं चाक स्थिर आणि मागचं जोरात, असं चित्र यंत्रणेला दिसतं आणि ती गोंधळून दिवा लावून ठेवते. किल्ली बंद करून पुन्हा सुरू करा आणि थोडं चालवा, बहुतेक वेळा दिवा जातो. (चेन साफ करायला इंजिन चालू ठेवून चाक फिरवायचं नाही, हे वेगळं सांगायला नको, बोटं जातात.)

पायरी ६: आपल्या रस्त्यांवर

फेरीबोटीपासून सुरुवात करतो, कारण ट्रॅक्शन कंट्रोल काय करतं हे समजायला याहून चांगलं उदाहरण नाही. दाभोळ–धोपावे घ्या, वेश्वी–बागमांडले घ्या, नाहीतर जयगड–तवसाळ. बोट धक्क्याला लागते, लोखंडी फळी खाली पडते आणि सगळ्यात आधी दुचाक्या सोडतात. ओहोटी असेल तर फळीपासून वरपर्यंतचा धक्क्याचा चढ नुकताच पाण्याबाहेर आलेला, हिरव्या बुळबुळीत थराचा. मागे जीपवाला हॉर्न वाजवतोय. अशा वेळी घाईने क्लच सोडला की मागचं चाक जागेवर गरगरतं आणि गाडी कडेला सरकते. ट्रॅक्शन कंट्रोल असेल तर दिवा लुकलुकतो, इंजिन दबल्यासारखं होतं आणि चाक पकड घेतं. पण जोर इतका कमी होऊ शकतो की चढावर गाडी बंदच पडेल. म्हणून थ्रॉटल थोडा आणि स्थिर ठेवायचा, जोराचं माप क्लचने द्यायचं, दोन्ही पाय खाली टेकायच्या तयारीत ठेवायचे आणि हँडल सरळ. पुढचा गाडीवाला पूर्ण वर गेल्याशिवाय आपण फळी सोडायची नाही. मधेच थांबावं लागलं तर पुन्हा निघणं फार कठीण.

मृगाचा पहिला पाऊस आला की उन्हाळाभर रस्त्यात मुरलेलं तेल आणि रबराची धूळ वर तरंगते. पहिला अर्धा-एक तास रस्ता मुसळधार पावसातल्यापेक्षाही निसरडा असतो. सागरी महामार्गावर मासळीच्या टेम्पोतून गळणारं पाणीही तसंच. त्यात बर्फासोबत माशाचं तेल असतं आणि ते वळणावरच जास्त सांडतं. चिरेखाणीच्या फाट्यांवर ट्रकच्या चाकांनी आणलेली लाल माती पावसात साबणासारखी होते. भातलावणीच्या दिवसांत पॉवर टिलर शेतातून रस्त्यावर येताना चिखलाचे पट्टे सोडून जातो. या सगळ्या ठिकाणी, गाडी सरळ असताना आणि तुम्ही थ्रॉटल देत असताना, ट्रॅक्शन कंट्रोल चोख काम करतं.

पण याच चिखलावर पुढचं चाक सरकलं तर? तिथे त्याचा काही उपयोग नाही. पुढचं चाक सरकतं ते ब्रेकने किंवा जास्त वेगात वळल्याने. ब्रेकचा भाग एबीएस सांभाळेल, वळणाचा कुणीच नाही. आंबा घाटात धुक्यातून येताना वळणावर लाल ओघळ आडवा आला, तर वाचवेल तो वळणाआधी कमी केलेला वेग.

उताराचं गणित तर अगदी उलटं. करूळ किंवा फोंडा घाट उतरताना पटकन दोन गिअर खाली टाकले की इंजिन मागच्या चाकाला अडवतं. चाक पुढच्यापेक्षा हळू फिरायला लागतं आणि शेपटी हलते. ट्रॅक्शन कंट्रोल बघतं ते मागचं चाक जास्त वेगाने फिरतंय का. हळू फिरणं त्याच्या कक्षेत येत नाही. एबीएसही तेव्हा कामाचं नाही, कारण तुम्ही ब्रेक दाबलेलाच नाही. स्लिपर क्लच (अशा वेळी आपोआप थोडा सुटणारा क्लच) असेल तर तो बराचसा झटका गिळतो. नसेल तर एकेक गिअर, क्लच सावकाश सोडत. तरीही चाक सरकलंच तर क्लच दाबा. चाक मोकळं होतं आणि ताळ्यावर येतं. नव्या चालकांना मी घाट चढण्याआधी उतरायला शिकायला सांगतो ते यासाठीच.

पुलावरच्या लोखंडी पट्ट्या, रस्त्यावरचे पांढरे जाड पट्टे, झाडाखाली साठलेला ओला पाला: यावरून सरळ जा आणि जाताना मूठ हलवू नका.

पायरी ७: कधी बंद करायचं

फार थोड्या वेळा. गाडी चिखलात रुतली असेल, तर बाहेर यायला चाक थोडं गरगरावंच लागतं. तिथे यंत्रणा जोर कापत राहते आणि गाडी जागची हलत नाही. सुरूच्या बनातल्या वाळूच्या वाटेवर आणि वाडीकडे जाणाऱ्या खडी सुटलेल्या उभ्या चढावरही हेच होतं. अशा वेळी बंद करा, बाहेर या, लगेच सुरू करा. बऱ्याच गाड्यांत ते उभ्या गाडीतच बंद करता येतं आणि किल्ली फिरवली की आपोआप पुन्हा सुरू होतं. तुमच्या गाडीचं पुस्तक एकदा वाचून ठेवा.

वाळूचा विषय निघालाच आहे तर सांगतो: किनाऱ्यावर गाडी उतरवू नका. वेळास, आंजर्ले या भागात थंडीपासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात. टायरखाली घरटं आलं तर कळतही नाही.

पायरी ८: सराव

पावसानंतर एखादं सपाट, गवताळ, मोकळं मैदान शोधा. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, अशी जागा असते, पण कातळ आणि खड्डे आधी पायी फिरून बघा आणि जागा कुणाची असेल तर विचारून घ्या. हेल्मेट, बूट, हातमोजे घाला. मागे कुणाला बसवू नका. पहिल्या गिअरमध्ये, गाडी अगदी सरळ ठेवून, ताशी १५ च्या आसपास चालवत थ्रॉटल जरा जास्त द्या. दिवा लुकलुकेल, इंजिन अडखळेल. त्या क्षणी मूठ एकदम बंद न करता तशीच धरून ठेवायची, मग हळूहळू कमी करायची. शिकायचं आहे ते हेच: दिवा लुकलुकला म्हणजे हात शांत. अगदी चालीच्या वेगात काही गाड्यांचे सेन्सर नीट मोजत नाहीत, तेव्हा काहीच झालं नाही तर वेग किंचित वाढवा. वळणात हा सराव करायचा नाही, मैदान कितीही मोकळं असलं तरी.

सराव झाला की तेच रस्त्यावर ओळखायला लागा. दिवा रोजच्या वाटेवर ठरावीक जागी लुकलुकत असेल, तर ती जागा निसरडी आहे. उद्या तिथे हळू जा.

पायरी ९: टायर, खारी हवा आणि गॅरेज

यंत्रणेचं सगळं गणित कंपनीने दिलेल्या टायरच्या घेरावर बेतलेलं असतं. दिसायला छान म्हणून मागे जास्त उंचीचा टायर टाकला की दोन चाकांच्या वेगातला फरक कायमचा बदलतो. मग यंत्रणा एकतर उगाच जोर कापते किंवा कापायला हवा तेव्हा गप्प राहते. मूळ मापच टाका. हवा आठवड्यातून एकदा, टायर गार असताना बघा. खाचेतल्या खुणेपर्यंत टायर झिजला असेल तर पावसाळ्याआधी तो बदला. झिजून गुळगुळीत झालेल्या टायरवर जगातली कुठलीही यंत्रणा ग्रिप आणू शकत नाही.

किनाऱ्यालगत राहणाऱ्यांना आणखी एक काम आहे. खाऱ्या हवेने सेन्सरच्या वायरच्या जोडांवर हिरवट-पांढरा थर येतो आणि कडीवर गंज चढतो. लोखंडाचा बारीक चुरा सेन्सरच्या तोंडाला चिकटतो, कारण आत चुंबक असतं. महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने आणि मऊ ब्रशने कडी आणि सेन्सर धुवा. प्रेशर वॉशरची धार थेट सेन्सरवर किंवा जोडावर मारू देऊ नका. गणपतीनंतरच्या सर्व्हिसिंगला जोड उघडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारायला आवर्जून सांगा. आपण सांगितलं नाही तर हे काम सहसा होत नाही.

आणि पंक्चर काढून किंवा टायर बदलून आल्यावर पहिल्या किलोमीटरभर मीटरकडे लक्ष ठेवा. चाक काढताना कडी वाकणं, सेन्सरची वायर ताणली जाणं किंवा चाक आणि सेन्सर यांतला स्पेसर उलटा बसणं, हे होत असतं. दिवा विझला नाही तर तसेच घरी जाऊ नका. गाडी वळवा आणि त्याच दुकानात चाक पुन्हा उघडून बघायला सांगा.